गीझरच्या पाटीवर २००० वॅट, हिशेबात १३०९: कॉइल गेली की वाटेतच खर्च होतंय?

शेतघर
१५ लिटरचा गीझर आहे, पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट. पाणी तापायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ घेतो. मोजमापं अशी:

गीझर बंद असताना त्याच्या टर्मिनलवर २०८ व्होल्ट. चालू केल्यावर तिथेच १८७ व्होल्ट. टाँग टेस्टरवर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजायचं मीटर) ७.० अँपिअर. १८७ × ७ = १३०९ वॅट.

मीटर पोलजवळच्या पेटीत, तिथून घर ९० मीटर. केबल चार स्क्वेअर एमएम. वायरमनचं म्हणणं, कॉइल अर्धी गेली, बदला. कॉइल गेली आहे हे या आकड्यांवरून ठरतं का?

तारजोड
ठरतं, आणि ती गेलेली नाही. कॉइलची तब्येत वॅटवरून बघू नका, ओहमवरून बघा.

पाटीवरून: रेझिस्टन्स = व्होल्ट × व्होल्ट ÷ वॅट = २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम.
तुमच्या मापावरून: रेझिस्टन्स = व्होल्ट ÷ अँपिअर = १८७ ÷ ७.० = २६.७ ओहम.

दोन्ही आकडे एकच म्हणायचे. शिवाय गरम करणाऱ्या उपकरणांना पाटीवरच्या वॅटमध्ये ५ टक्के वर आणि १० टक्के खाली अशी सूट असते. म्हणजे २३० व्होल्टवर १८०० ते २१०० वॅट, ओहममध्ये साधारण २५.२ ते २९.४. तुमची कॉइल त्यात अगदी आरामात बसते.

'अर्धी कॉइल गेली' हा प्रकार एका एलिमेंटच्या गीझरमध्ये सहसा होत नाही. तार तुटली की करंट शून्य. तार आतून नळीला टेकली तर करंट वाढतो, एमसीबी किंवा आरसीसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच) पडते. दोन एलिमेंट शेजारीशेजारी जोडलेले असतील आणि एक तुटलं, तर मात्र ओहम दुप्पट दिसतात, इथे ५३ च्या आसपास दिसले असते.

मोजपट्टी
वरच्याला जोड. पाटीवरचे २००० वॅट ही गीझरची कायमची ताकद नाही, ती २३० व्होल्ट मिळाले तरची ताकद आहे. कायम राहतो तो रेझिस्टन्स, तोही जवळजवळ. व्होल्टेज १९ टक्के पडलं की करंटही तेवढाच पडतो, आणि वॅट हा दोघांचा गुणाकार असल्यामुळे दोन्हीकडून मार बसतो: ०.८१ × ०.८१ = ०.६६. २००० चे १३२० झाले. तुमचे १३०९ त्याच्याच शेजारी आहेत.

वेळेचा हिशेबही जुळतो. १५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला १५ × ४.१८६ × ४० = सुमारे २५१२ किलोज्यूल लागतात. २००० वॅटने २१ मिनिटं, १३०९ वॅटने ३२ मिनिटं. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता यात धरलेली नाही.

शेतघर
म्हणजे कॉइल वाचली. मग २०८ चे १८७ होतात ते २१ व्होल्ट जातात कुठे? ९० मीटर केबल एवढं खाते का?

तारजोड
२१ व्होल्ट ÷ ७ अँपिअर = ३.० ओहम. गीझर सोडून, डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) गीझरच्या टर्मिनलपर्यंतच्या सगळ्या वाटेचा हा रेझिस्टन्स. आता त्याचे तुकडे पाडू.

चार स्क्वेअर एमएम तांब्याची तार २० अंशाला किलोमीटरला ४.९५ ओहम. जायची ९० मीटर, यायची ९० मीटर, म्हणजे ०.१८ × ४.९५ = ०.८९ ओहम. उन्हात केबल ४० अंशाला गेली तर तांब्याचा रेझिस्टन्स ८ टक्क्यांनी वाढतो, ०.९६ झाला. सात अँपिअरला ६.७ व्होल्ट. म्हणजे १४ व्होल्टचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो मला काळजीचा वाटतो. १४ × ७ = ९८ वॅट कुठेतरी तापतायत.

विहीरकाठ
केबल तांब्याचीच आहे ना, ते आधी बघा. पोलपासून घरापर्यंत किंवा विहिरीपर्यंत ओढलेली केबल बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमची असते. टोक सोलून चाकूने खरवडलं की कळतं.

शेतघर
बघितलं. अ‍ॅल्युमिनियम आहे, चार स्क्वेअर एमएम. मेन बोर्डपासून बाथरूमपर्यंत तांबं, अडीच स्क्वेअर एमएम, १२ मीटर.

तारजोड
तांबं गृहीत धरलं ही माझी चूक. विहीरकाठ, बरं झालं विचारलंत. हिशेब पुन्हा:

चार स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम २० अंशाला किलोमीटरला ७.४१ ओहम. ०.१८ × ७.४१ = १.३३. ४० अंशाला ८ टक्के वाढवून १.४४ ओहम. सात अँपिअरला १०.१ व्होल्ट.

आतली अडीचची तार: ०.०२४ × ७.९८ = ०.१९, गरम धरून ०.२१ ओहम, दीड व्होल्ट.

मिळून साडेअकरा व्होल्टचा हिशेब लागला. उरलेल्या साडेनऊपैकी काही पोलच्या मागे, डीपीच्या लाइनमध्ये जात असतील. बाकीचे कुठल्यातरी सांध्यात. आता कागदावर शोधण्यात अर्थ नाही, मोजावं लागेल. गीझर चालू ठेवून चार ठिकाणी व्होल्टेज घ्या: मीटरच्या आउटगोइंगला, घरातल्या मेन बोर्डला, गीझरच्या सॉकेटच्या मागच्या स्क्रूंवर आणि गीझरच्या टर्मिनलवर.

मोजपट्टी
थांबा, हे मोजण्याआधी काही गोष्टी पक्क्या करा. हे चालू लाइनवरचं काम आहे, ते परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि तुम्ही आकडे लिहा. मीटरच्या पेटीचं सील तोडायचं नाही, मीटरनंतरच्या तुमच्या स्विचवर मोजायचं. मल्टिमीटर कॅट थ्री या सुरक्षा दर्जाचा, प्रोबच्या तारा न फाटलेल्या, पायात कोरडी चप्पल, बाथरूमची फरशी कोरडी.

मल्टिमीटरची लाल तार व्होल्टच्याच भोकात आहे हे दर वेळी डोळ्यांनी बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब फेज-न्यूट्रलला लावले, तर मीटर म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा होतो. सरळ शॉर्ट. प्रोबची टोकं उडतात, हात भाजतो. याच चुकीने बरेच मीटर जातात.

टाँग टेस्टरचा जबडा एकाच तारेभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत गेले तर शून्य दाखवणार, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. गीझरच्या गोल केबलभोवती जबडा लावून 'करंटच नाही' असा निष्कर्ष निघतो तो यामुळे.

शेतघर
वायरमनकडून मोजून घेतलं. गीझर चालू, करंट ७.० अँपिअर:

मीटरनंतरच्या स्विचवर २०५.०
मेन बोर्डला १९४.६
सॉकेटच्या मागे १९३.१
गीझरच्या टर्मिनलवर १८७.०

तारजोड
आता चित्र स्वच्छ झालं.

२०८ ते २०५: ३ व्होल्ट, पोलच्या मागे. ०.४३ ओहम. तो भाग तुमच्या हातात नाही.
२०५ ते १९४.६: १०.४ व्होल्ट, १.४९ ओहम. हिशेबाने १.४४ यायला हवे होते. केबल आणि तिचे दोन्ही टोकांचे सांधे ठीक आहेत.
१९४.६ ते १९३.१: दीड व्होल्ट. हिशेबाबरहुकूम.
१९३.१ ते १८७: ६.१ व्होल्ट. इथे फक्त सॉकेट, प्लग आणि दोन मीटर वायर आहे. वायर दीड स्क्वेअर एमएमची धरली तर तिचा वाटा ०.४ व्होल्टच्या आत. बाकी सगळं सॉकेट आणि प्लगमध्ये.

५.७ व्होल्ट × ७ अँपिअर = ४० वॅट. ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न प्लगच्या आत कोंबून रोज अर्धा तास चालू ठेवण्यासारखं आहे हे. गीझर वापरणं आजच थांबवा.

मोजपट्टी
निष्कर्ष बरोबर, पण मोजण्याच्या पद्धतीत एक सुधारणा. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढणं नेहमी जोखमीचं. मीटरची चूक १ टक्का धरली तरी २०० व्होल्टला २ व्होल्ट होते, त्यात पहिल्या आणि दुसऱ्या मापाच्या मधे लाइनचं व्होल्टेजही हलतं. शेजारच्या शेतातला पंप सुरू झाला की ४-५ व्होल्ट सहज जातात.

त्यापेक्षा सांध्याच्या आडवं मोजा. एक प्रोब सॉकेटच्या मागच्या फेजच्या स्क्रूवर, दुसरा गीझरच्या फेजच्या टर्मिनलवर. दोन्ही प्रोब एकाच फेजवर असल्यामुळे मीटर फक्त मधली घट दाखवतो. रेंज व्होल्टचीच ठेवायची, मिलीव्होल्टची नाही, कारण मधे प्लग सुटला तर पूर्ण व्होल्टेज मीटरवर येतं. मग तेच न्यूट्रलला. फेजचा सांधा खराब की न्यूट्रलचा, हेही त्यातून कळतं.

शेतघर
तसं मोजलं. फेजला ५.७, न्यूट्रलला ०.४. नंतर पुरवठा बंद करून प्लग उघडला. फेजच्या पिनजवळचं प्लास्टिक तपकिरी झालंय, सॉकेटमधली पितळी पट्टी निळसर काळी आणि सैल.

तारजोड
सापडलं. ५.७ मधून वायरचे ०.२ वजा करा, ५.५ व्होल्ट ÷ ७ = ०.७९ ओहम. ३८-३९ वॅट एका पिनवर.

सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, एकच नको. जळकी पिन नव्या सॉकेटची पट्टीही खराब करते. १६ अँपिअरचाच जोड घ्या. स्क्रूखालची वायर काळी झालेली असेल तर चमकदार तांबं लागेपर्यंत कापा. बारीक तारांच्या वायरला लग (टोकावर बसणारी धातूची टोपी) दाबून बसवा. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली घालू नका: सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा परत सैल होतो. शक्य असेल तर गीझरला प्लग ठेवूच नका, दोन पोलच्या स्विचमधून थेट टर्मिनलला जोडा.

विहीरकाठ
अ‍ॅल्युमिनियम केबल मेन बोर्डला जिथे तांब्याला भेटते तो सांधाही उघडून बघा. आकडा आज ठीक आहे, पण नुसता पीळ मारलेला असेल तर टिकणार नाही. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज नेत नाही, ओल आली की दोन धातूंमध्ये गंज चढतो. बायमेटल लग, आत पेस्ट, आणि महिन्याभराने स्क्रू एकदा परत आवळायचा, कारण अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली सरकतं.

पंपवाला
याच पद्धतीने पंपाचं गणित केलं तर बसत नाही. दीड हॉर्सपॉवरचा सिंगल फेज सबमर्सिबल. रनिंग वाइंडिंग मल्टिमीटरने १.८ ओहम. २३० ÷ १.८ = १२८ अँपिअर, वॅट २९ हजार! प्रत्यक्षात चालताना साडेनऊ अँपिअर घेतो. सूत्र कुठे चुकतं?

मोजपट्टी
सूत्र चुकत नाही, ते चुकीच्या जागी लागलं. मल्टिमीटर स्वतःच्या बॅटरीच्या डीसीने फक्त तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मोजतो. मोटर एसीवर फिरते तेव्हा वाइंडिंगमधलं चुंबकीय क्षेत्र उलटं व्होल्टेज तयार करतं, आणि लावलेल्या व्होल्टेजचा मोठा भाग त्याच्याशी झुंजण्यात जातो. गीझरच्या कॉइलमध्ये हे नसतं, म्हणून तिथे व्होल्ट भागिले ओहम चालतं.

मोटरचे वॅट = व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती, ते प्रमाण). २१० व्होल्ट, ९.५ अँपिअर म्हणजे १९९५ व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर सुमारे १८०० वॅट. दीड हॉर्सपॉवर म्हणजे १.५ × ७४६ = १११९ वॅट शाफ्टवर. कार्यक्षमता ६२ टक्के, अशा पंपासाठी पटण्यासारखी.

थ्री फेजला: १.७३२ × लाइन व्होल्टेज × अँपिअर × पॉवर फॅक्टर. एका फेजचे २३० धरून तिप्पट केलं तरी उत्तर जवळजवळ तेच येतं, पण लाइनचे ४१५ घेऊन तिप्पट करू नका. ती चूक वरचेवर दिसते.

विहीरकाठ
त्या १.८ ओहमचा उपयोग वेगळा आहे. पुरवठा तोडून, कॅपॅसिटर डिस्चार्ज करून आणि काढून ठेवून, तिन्ही तारांची जोडीजोडीने मापं घ्या. कॉमन-रनिंग सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्टिंग त्याहून जास्त, रनिंग-स्टार्टिंग म्हणजे दोघांची बेरीज. १.८ आणि ४.६ असतील तर तिसरं ६.४ यायलाच हवं. न आलं तर वाइंडिंगमध्ये किंवा केबलच्या सांध्यात गडबड आहे. वरून मोजताना बोअरमध्ये उतरलेल्या केबलचा रेझिस्टन्स वजा करायचा. मीटरच्या प्रोबचाही: दोन टोकं एकमेकांना टेकवा, ०.२ ते ०.५ जो आकडा येईल तो वजा. २६ ओहमला हे चाललं असतं, १.८ ला नाही.

आणि महत्त्वाचं: गीझरला व्होल्टेज कमी मिळालं तर करंट कमी होतो. पंपाचं उलटं. पाणी उचलायचं काम तेवढंच असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की मोटर करंट जास्त ओढते. करंट सव्वापट झाला की वाइंडिंगमधली उष्णता १.२५ × १.२५ म्हणजे दीडपटीच्या वर जाते. रोटर अडकला तर करंट पाच-सहा पट, उष्णता २५ ते ३६ पट. काही मिनिटांत वार्निश जळतं. म्हणून ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की पंप बंद करणारा) पाटीवरच्या अँपिअरवर लावायचा, तो सारखा पडतो म्हणून वाढवत न्यायचा नाही. आधी पंप चालू ठेवून स्टार्टरवर व्होल्टेज मोजा.

पंपवाला
समजलं. बेरीज जुळते, ६.४ आली.

शेतघर
सॉकेट-प्लग काढून दोन पोलचा स्विच बसवला. आता किती वॅट मिळायला हवेत?

तारजोड
आधी कागदावर: गीझर २६.७१, पोलमागे ०.४३, केबल १.४९, आतली तार ०.२१, गीझरची वायर ०.०५. बेरीज २८.८९ ओहम. २०८ ÷ २८.८९ = ७.२० अँपिअर. गीझरवर ७.२० × २६.७१ = १९२.३ व्होल्ट. १३८५ वॅट, ३० मिनिटं.

वेळेत दोनच मिनिटांचा फरक पडेल, पण आगीचा धोका गेला, आणि आपण त्यासाठीच हे केलं. केबल बदलून १० स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम टाकली, किलोमीटरला ३.०८ ओहम, तर केबलचा रेझिस्टन्स ०.६० वर येईल आणि १४७५ वॅटच्या आसपास मिळतील. पूर्ण २००० नाहीच मिळणार, कारण बिनलोडचेच २०८ आहेत. लघुदाब पुरवठ्याला २३० च्या ६ टक्के वरखाली ही मर्यादा, म्हणजे खालची हद्द २१६. ती पुरवठादाराची जबाबदारी.

मोजपट्टी
पडताळा घ्यायचा असेल तर वीजमीटरवरचा लाल दिवा वापरा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट लिहिलं असेल तर एका उघडझापीला ३६,००,००० ÷ ३२०० = ११२५ ज्यूल. बाकी सगळं बंद, फक्त गीझर चालू. पहिली झाप शून्य मोजायची आणि दहाव्या झापेला घड्याळ थांबवायचं. ११,२५० ÷ सेकंद = वॅट.

मीटर पोलजवळ आहे, म्हणून हा आकडा गीझरच्या वॅटपेक्षा जास्त येणार. दुरुस्तीआधी २०५ × ७ = १४३५ आला असता. गीझरला १३०९ मिळत होते, मधले १२६ वॅट केबल आणि प्लग तापवत होते आणि ते बिलात धरले जात होते. आता २०८ मधून पोलमागचे ३.१ गेले की मीटरवर २०४.९ राहतात, ७.२ ने गुणून १४७५. दहा झापांना ७.६ सेकंद.

एलईडी बल्बवर हा पडताळा आणखी उपयोगी. स्वस्त ९ वॅटच्या बल्बला ०.०७ अँपिअर दिसतो, गुणाकार १६ येतो आणि बल्ब फसवा वाटतो. ते १६ व्होल्ट-अँपिअर आहेत, वॅट नाहीत. घरगुती मीटर वॅटच मोजतो. एवढा लहान करंट टाँग टेस्टरवर नीट दिसत नाही, तारेचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आकड्याला दहाने भागा.

शेतघर
आजची मापं: गीझरवर १९२.५ व्होल्ट, ७.२ अँपिअर, म्हणजे २६.७ ओहम आणि १३८६ वॅट. दहा झापांना ७.६ सेकंद. स्विचच्या आडवं फेजला ०.१ व्होल्टसुद्धा दिसत नाही. पुरवठादाराकडे तक्रार करताना कुठले आकडे द्यावेत?

विहीरकाठ
मीटरनंतरच्या स्विचवरचे, घरातले नाही. घरातला आकडा दिलात तर 'तुमची केबल बारीक आहे' हे उत्तर मिळेल, आणि ते अर्धं खरं आहे. सलग सात दिवस, सकाळी सहा आणि संध्याकाळी आठ, एक माप तुमचा मेन स्विच बंद ठेवून आणि दुसरं तो लावून गीझर चालू करून, अशी दोन-दोन मापं तारीख-वेळेसह लिहा. त्याच वेळी जवळच्या पंपांना थ्री फेज सुरू होतं का तेही शेजारी नोंदवा.